राव का चढले नाहीत?

वडील गेल्यावर त्यांची पत्र्याची ट्रंक उघडायला मला सहा महिने लागले. आत पेन्शनची कागदपत्रं, विम्याच्या जुन्या पावत्या आणि दोऱ्याने बांधलेला एक लहानसा गठ्ठा होता. गठ्ठ्यात तीन अर्जांच्या कार्बन प्रती होत्या. १९७८, १९८२ आणि १९८५ अशी सालं. मजकूर जवळजवळ सारखाच: 'कौटुंबिक अडचणीमुळे मी सदर पदोन्नती स्वीकारण्यास असमर्थ आहे, तरी माझ्या विनंतीचा सहानुभूतिपूर्वक विचार व्हावा.' खाली वडिलांची वळणदार सही.

वडील एका सरकारी कचेरीत कनिष्ठ लिपिक म्हणून लागले आणि एकच पायरी चढून १९९४ च्या मे महिन्यात निवृत्त झाले. त्यांच्या मागून लागलेले लोक अव्वल कारकून झाले, त्यांतले एक-दोघे तर अधिकारी म्हणून निवृत्त झाले. आमच्या घरात याचं एक ठरलेलं स्पष्टीकरण होतं: 'यांना पुढं पुढं करता येत नाही.' आई ते रागाने म्हणायची, आत्या कौतुकाने. मीही तेच खरं धरून चाललो होतो. आणि पुढे माझ्याही नोकरीत तेच झालं तेव्हा मला वाटलं, हा स्वभाव रक्तातूनच आला असावा.

एका निमसरकारी कार्यालयात २२ वर्षं लिपिकाची नोकरी करून मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. त्यानंतरची दहा-बारा वर्षं कचेऱ्यांविषयी मिळेल ते वाचण्यात गेली. या विषयातली पदवी माझ्याकडे नाही. नोकरीत असताना नियमपुस्तिका वाचायची सवय लागली होती, ती पुढे न्यायनिवाडे आणि परदेशी संशोधनाकडे घेऊन गेली. इंग्रजी शब्दकोश शेजारी ठेवून वाचलं. प्रश्न एकच होता: माणूस नोकरीत आहे त्याच खुर्चीवर का राहतो? त्यात त्याच्या सवयींचा वाटा किती आणि शिडीचा किती?

आधी शिडी कशी असते ते पाहू

'पंत मेले, राव चढले' ही म्हण आपण माणसाच्या आप्पलपोटेपणावर टीका म्हणून वापरतो. दिवाकरांनी तर याच नावाची नाट्यछटा लिहिली. पण ही म्हण प्रशासनाच्या दृष्टीने अगदी काटेकोर आहे. राव चढायला पंतांची जागा रिकामी व्हावी लागते. वरचं पद मंजूर नसेल, किंवा असूनही भरायचं नाही असं ठरलं असेल, तर राव कितीही कर्तबगार असले तरी खालीच राहतात. कर्तबगारीचा प्रश्न जागा रिकामी झाल्यानंतर येतो.

जागा रिकामी झाली की तीन कागद बाहेर निघतात. पहिला म्हणजे ज्येष्ठतासूची. दुसरा बिंदुनामावली, म्हणजे कोणती जागा कोणत्या प्रवर्गासाठी हे दाखवणारी नोंदवही. तिसरा म्हणजे गेल्या काही वर्षांचे गोपनीय अहवाल. विभागीय पदोन्नती समितीच्या टेबलावर हे कागद असतात, आपण नसतो. समितीतल्या बहुतेकांनी आपला चेहराही पाहिलेला नसतो. खालच्या बऱ्याच पदांवर 'पात्रतेच्या अधीन राहून ज्येष्ठता' हे तत्त्व असतं. म्हणजे क्रमाने घ्यायचं आणि अपात्र असेल त्यालाच वगळायचं. वरच्या पदांवर निवड असते आणि तिथे अहवालातली प्रतवारी निर्णायक ठरते. खाजगी कंपनीत ज्येष्ठतासूची नसते, पण तिथेही आपल्याबद्दलचा निर्णय आपण नसलेल्या खोलीत, कुणीतरी लिहिलेल्या चार ओळींवर आणि कुणाच्या तरी आठवणीवर होतो.

हे लक्षात घेतलं की सवयींचा विचार करणं सोपं जातं. उशिरा येणं, चहाला जास्त वेळ बसणं या सवयींबद्दल पुष्कळ बोललं जातं, पण त्या सगळ्यांनाच दिसतात आणि त्यांचा बंदोबस्तही होतो. नुकसान करतात त्या वेगळ्याच सवयी. कचेरीत त्यांना सद्गुण मानलं जातं.

'माझ्यावाचून टेबल चालणार नाही'

पहिली सवय माझीच. माझ्याकडे जे टेबल होतं तिथले जुने कागद कुठे आहेत हे फक्त मला ठाऊक होतं. कपाटाच्या कोणत्या कप्प्यात कोणती संचिका, कोणत्या प्रकरणाची टिपणी कोणत्या वेगळ्या प्रकरणात चुकून लागली आहे, सगळं डोक्यात. साहेबांनी विचारलं की मी दोन मिनिटांत कागद हजर करायचो. रजेवर असलो तर घरी शिपाई यायचा. मला याचा अभिमान होता. एकदा वरच्या जागेसाठी माझं नाव विचारात आलं तेव्हा आमचे त्या वेळचे साहेब प्रामाणिकपणे म्हणाले, "तुम्हाला हलवलं तर या टेबलाचं कोण बघणार? वर्षभर थांबा, कुणाला तरी तयार करू." वर्षभरात कुणी तयार झालं नाही, कारण तयार करायचं काम माझंच होतं आणि ते मी केलं नाही. पुढच्या वर्षी ती जागाच गोठवली गेली.

या सवयीवर महाराष्ट्राच्या प्रशासनात औषध फार पूर्वी शोधलं गेलं आहे. १९८० च्या दशकात अहमदनगरचे (आताचे अहिल्यानगर) जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कचेरीतल्या कागदांची फेररचना केली. ती 'लखिना पॅटर्न' म्हणून ओळखली जाते. सहा गठ्ठ्यांची पद्धत त्यातूनच लोकांच्या तोंडी बसली. चालू कामाची प्रकरणं, उत्तराची वाट पाहणारी, ठरावीक काळाने पाठवायची विवरणपत्रं, कायम आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे कागद आणि नष्ट करायचे कागद, असे वेगवेगळे गठ्ठे. लोकांना ही स्वच्छतेची मोहीम वाटली. माझ्या मते तिचा खरा परिणाम दुसराच होता: टेबलावर कोण बसलं आहे यावर कागद सापडणं अवलंबून राहिलं नाही. त्यामुळे टेबलावरच्या माणसाला उठता येऊ लागलं.

२००५ च्या बदल्या आणि विलंब प्रतिबंधाच्या महाराष्ट्राच्या अधिनियमानेही दोन्ही गोष्टी एकाच कायद्यात घातल्या. एकीकडे पदावधी साधारण तीन वर्षांचा आणि दुसरीकडे कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे साधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये, ही अट. एकाच माणसाला एका जागी चिकटू द्यायचं नाही आणि कागदालाही नाही. मी हा कायदा पहिल्यांदा वाचला तेव्हा तो आमच्यासारख्यांवरचा अविश्वास वाटला होता. आता वाटतं, माझ्या त्या 'दोन मिनिटांत कागद हजर' करण्यात कचेरीची सोय होती तेवढीच माझी अडवणूकही होती, आणि ती मीच करून ठेवली होती.

'नेमून दिलेली कामे वेळेत पूर्ण केली'

दुसरी सवय गोपनीय अहवालाच्या कोऱ्या जागेत दिसते. अहवालात स्वयंमूल्यमापनाचा एक भाग असतो. वर्षभरात आपण काय केलं ते आपणच लिहायचं. आमच्या कचेरीत पिढ्यान्‌पिढ्या एकच वाक्य लिहिलं जायचं: 'नेमून दिलेली कामे वेळेत पूर्ण केली.' मीही २२ वर्षं तेच लिहिलं. एका वर्षी मी चौदा वर्षांची थकबाकीची प्रकरणं निकाली काढली होती, तरी वाक्य तेच. आपल्या तोंडाने आपलं कौतुक कसं करायचं, हा संकोच. प्रतिवेदन अधिकाऱ्याला खालच्या पंधरा-वीस जणांचे अहवाल दोन दिवसांत लिहायचे असतात. समोर एवढंच वाक्य असेल तर तो 'चांगला' असा शेरा देऊन पुढच्याकडे वळतो. त्यात दुष्टावा नसतो.

पण या 'चांगला' शेऱ्याने काय होतं हे समजून घ्यायचं असेल तर सर्वोच्च न्यायालयाचा १२ मे २००८ चा देव दत्त विरुद्ध भारत सरकार हा निकाल वाचावा. अर्जदार सीमा रस्ते संघटनेत कार्यकारी अभियंता होते. अधीक्षक अभियंतापदासाठी आधीच्या पाच वर्षांत 'अत्युत्तम' या प्रतीचे अहवाल हवे होते. चार वर्षं तसे होते. १९९३-९४ या एका वर्षी 'चांगला' होता. तेवढ्यावर ते बाद झाले आणि त्यांच्या कनिष्ठांना बढती मिळाली. हा शेरा त्यांना कधी कळवलाच गेला नव्हता, कारण नियमानुसार फक्त प्रतिकूल शेरे कळवायचे असत आणि 'चांगला' हा काही प्रतिकूल शेरा नव्हे.

न्यायालयाने इथे एक साधी गोष्ट सांगितली. शेरा प्रतिकूल आहे की नाही हे शब्दावरून ठरत नाही, परिणामावरून ठरतं. ज्या 'चांगला'मुळे माणूस शर्यतीतून बाहेर जातो तो त्याच्यासाठी प्रतिकूलच आहे. म्हणून सरकारी सेवेत, लष्कर वगळता, प्रत्येक नोंद संबंधिताला कळवली पाहिजे आणि त्यावर म्हणणं मांडायची संधी दिली पाहिजे. निकाल लागेपर्यंत अर्जदार निवृत्त झाले होते. तरीही नोंद आता कळवा, त्यांचं म्हणणं ऐका, प्रत सुधारली तर मागील तारखेपासून बढतीचा विचार करा आणि त्यानुसार निवृत्तिवेतन द्या, असा आदेश झाला. २०१३ मध्ये सुखदेव सिंग प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हीच भूमिका कायम केली. केंद्र सरकारने २००९ मध्येच अहवालाची पूर्ण प्रत कर्मचाऱ्याला देण्याचे आणि त्यावर म्हणणं मांडायला १५ दिवस देण्याचे आदेश काढले. महाराष्ट्रातही आता 'गोपनीय' शब्द मागे पडून 'कार्यमूल्यमापन अहवाल' हा शब्द रूढ झाला आहे.

म्हणजे कुलूप उघडलं. सवय मात्र गेली नाही. मी माझ्या जुन्या सहकाऱ्यांना विचारतो, "अहवालाची प्रत वाचली का?" उत्तर येतं, "आली असेल. चांगलाच असणार, साहेबांशी काही भांडण नाही." भांडण नसणं आणि प्रत पुरेशी असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. ज्येष्ठतासूचीचंही तेच. प्रारूप यादी फिरते, हरकती मागवल्या जातात, लोक आपलं नाव कुठे आहे ते पाहतात आणि सही करतात. रुजू झाल्याची तारीख चुकली आहे का, परीक्षा उत्तीर्ण झाल्याची नोंद सेवापुस्तकात आली आहे का, हे तपासत नाहीत. दहा वर्षांनी चूक सापडते तेव्हा यादी अंतिम होऊन जुनी झालेली असते, आणि दुरुस्ती मागायची तर दहा जणांच्या बढत्यांना हात घालावा लागतो.

कुणीतरी करायलाच हवं असं काम

तिसरी सवय समजायला मला सर्वांत जास्त वेळ लागला, कारण तिचा फायदा मी स्वतः घेतला होता. आमच्या शाखेत माझ्या बरोबरीने लागलेल्या एक बाई होत्या. निरोप समारंभाची वर्गणी, साहेबांच्या बैठकीचा चहा-नाश्ता, नव्या मुलांना रजेचा अर्ज शिकवणं, बैठकीचं इतिवृत्त, आवक-जावकची माणसं नसतील तेव्हा ती नोंदवही, सगळं त्यांच्याकडे. कुणी सक्ती केली नव्हती. 'कोण करेल?' असं साहेबांनी विचारलं की आम्ही पुरुष कागदात डोकं घालायचो आणि थोड्या शांततेनंतर त्या म्हणायच्या, "बरं, मी बघते."

२०१७ मध्ये लिंडा बॅबकॉक, मारिया रेकाल्डे, लिझ वेस्टरलुंड आणि लॉरी वाइनगार्ट या चार अमेरिकेतल्या संशोधक स्त्रियांनी 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'मध्ये नेमक्या या शांततेवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रयोग सोपा होता. तिघांचा गट, दोन मिनिटांचा वेळ, संगणकावर एक बटण. कुणीच दाबलं नाही तर प्रत्येकाला एक डॉलर. एकाने दाबलं तर दाबणाऱ्याला सव्वा डॉलर आणि बाकीच्या दोघांना दोन-दोन डॉलर. म्हणजे काम व्हावं असं सगळ्यांना वाटतं, पण करणाऱ्याला सर्वांत कमी मिळतं. स्त्री-पुरुष मिश्र गटांत बटण दाबण्याचं स्त्रियांचं प्रमाण पुरुषांपेक्षा ४८ टक्क्यांनी जास्त निघालं. मग फक्त पुरुषांचे आणि फक्त स्त्रियांचे गट केले. तिथे हा फरक नाहीसा झाला. पुरुषांच्या गटात पुरुष निमूट बटण दाबत होते.

मला या दुसऱ्या निष्कर्षाने हलवलं. स्त्रिया स्वभावाने सेवाभावी म्हणून काम घेतात असं म्हणावं, तर केवळ स्त्रियांच्या गटात बटण जास्त वेळा दाबलं जायला हवं होतं. तसं झालं नाही. 'ती आहे, ती करेल' ही सगळ्यांची अपेक्षा होती, तिचीही. पुढच्या प्रयोगात गटाबाहेरच्या चौथ्या व्यक्तीने कुणा एकाला काम करायची विनंती करायची होती. स्त्रियांना पुरुषांपेक्षा ४४ टक्के जास्त वेळा विचारलं गेलं. विचारणारी व्यक्ती स्त्री असो वा पुरुष, फरक पडला नाही. आणि विचारल्यावर हो म्हणण्याचं प्रमाण स्त्रियांत ७६ टक्के, पुरुषांत ५१ टक्के होतं.

आमच्या बाई अशा कामांत दिवसाचे दोन तास घालवायच्या. त्या दोन तासांत मी विभागीय परीक्षेचा अभ्यास केला. परीक्षा मी त्यांच्या तीन वर्षं आधी पास झालो. तेव्हा मला वाटलं होतं, माझी चिकाटी जास्त. आता ती वाक्यं पुन्हा लिहिताना लाज वाटते. इतिवृत्त आळीपाळीने लिहायचं, वर्गणी दर वेळी वेगळ्याने गोळा करायची, असं साहेबांनी एका पानावर लिहून भिंतीला लावलं असतं तर प्रश्न मिटला असता. 'नाही म्हणायला शिका' असा सल्ला एकट्या बाईंना देणं म्हणजे आमची सवय त्यांनी मोडावी अशी अपेक्षा करणं.

हातातलं काम उत्तम करणं

चौथी गोष्ट सवय म्हणावी का, असं वाटेल. हातातलं काम अतिशय उत्तम करत राहायचं आणि त्याचं फळ बढतीत मिळेल असं समजायचं. १९६९ मध्ये लॉरेन्स पीटर आणि रेमंड हल यांनी 'द पीटर प्रिन्सिपल' या पुस्तकात थट्टेच्या सुरात याची उलटी बाजू मांडली. माणूस चांगलं काम करतो म्हणून वर जातो, तिथेही जमलं तर आणखी वर, आणि जिथे जमत नाही तिथे थांबतो. त्यामुळे कालांतराने प्रत्येक खुर्चीवर ते काम न जमणारा माणूस बसलेला असतो.

थट्टेत किती तथ्य आहे हे २०१९ मध्ये ॲलन बेन्सन, डॅनियल ली आणि केली शू यांनी अमेरिकेतल्या १३१ कंपन्यांमधल्या विक्री कर्मचाऱ्यांच्या नोंदींवरून तपासलं. जास्त विक्री करणाऱ्याला व्यवस्थापक होण्याची संधी जास्त मिळत होती. पण जो जितका चांगला विक्रेता, त्याच्या हाताखालच्या लोकांची कामगिरी तो व्यवस्थापक झाल्यावर तितकी खालावत होती. माल विकणं आणि विकणाऱ्यांना शिकवणं ही दोन वेगळी कामं आहेत. मी माझं टेबल उत्तम सांभाळलं, पण आठ टेबलांवरचं काम वाटून देण्याचा अनुभव कधी मागितला नाही. शाखेचा तात्पुरता कार्यभार दोनदा समोर आला, दोन्ही वेळा मी 'टेबलावर काम फार आहे' म्हणून टाळला.

उत्तम कामालाही साक्षीदार लागतो, याचा पुरावा चीनमधल्या एका प्रवास कंपनीत मिळाला. निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी तिथल्या कॉल सेंटरमधल्या काहींना नऊ महिने घरून काम करू दिलं. त्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली. पण कामगिरी सारखी असताना घरून काम करणाऱ्यांना बढती मिळण्याचं प्रमाण मात्र कमी झालं. हा अभ्यास २०१५ चा. त्याच कंपनीतला पुढचा अभ्यास २०२४ मध्ये आला. त्यात कर्मचारी आठवड्यातले दोन दिवस घरून आणि बाकीचे दिवस कार्यालयात काम करत होते आणि बढत्यांमध्ये फरक आढळला नाही. पुण्या-मुंबईत २०२० नंतर घरून काम करणाऱ्या आमच्या पुढच्या पिढीला या दोन अभ्यासांतला फरक उपयोगी पडावा. अधूनमधून नजरेसमोर असणं पुरेसं ठरतं, पण पूर्णपणे नजरेआड जाणं महाग पडतं.

सवय आधी की शिडी आधी?

इथपर्यंत आल्यावर मला वाटलं होतं, लेख पूर्ण झाला. चार सवयी सापडल्या, त्या सोडल्या की माणूस वर जाईल. मग रोझाबेथ मॉस कँटर यांचं १९७७ मधलं 'मेन अँड विमेन ऑफ द कॉर्पोरेशन' हे पुस्तक हाती आलं आणि सगळी मांडणी पुन्हा करावी लागली. कँटर यांनी एका मोठ्या अमेरिकी कंपनीत, तिचं खरं नाव झाकून, बराच काळ निरीक्षण केलं. त्यांचं म्हणणं असं, की ज्या जागेवरून वर जायला वाटच नाही अशा जागेवर बसवलेली माणसं हळूहळू महत्त्वाकांक्षा सोडतात, कामापेक्षा सोबत्यांत रमतात, वरच्यांवर टीका करतात आणि धोका पत्करत नाहीत. मग त्यांच्याकडे बोट दाखवून म्हटलं जातं, 'बघा, यांना पुढं जायचंच नाही.' वाट असलेल्या जागेवरची माणसं त्याउलट वागतात. स्त्रियांचा म्हणून सांगितला जाणारा 'स्वभाव' हा पुष्कळदा त्यांना दिलेल्या जागांचा परिणाम होता आणि त्याच जागांवरचे पुरुषही तसेच वागत.

आपल्याकडे याची कबुली शासनानेच दिली आहे. वरची पदं थोडी आणि खालची पुष्कळ, त्यामुळे हजारो कर्मचारी एकाच वेतनश्रेणीत कुजत राहतात, हे मान्य करून महाराष्ट्र शासनाने १ ऑक्टोबर १९९४ पासून कालबद्ध पदोन्नतीची योजना लागू केली. १२ वर्षं एकाच पदावर काढली की पद तेच राहील, वेतनश्रेणी वरची मिळेल. पुढे तिची जागा आश्वासित प्रगती योजनेने घेतली आणि सातव्या वेतन आयोगानंतर १०, २० आणि ३० वर्षांनी असे तीन लाभ झाले. माणसात दोष नसतानाही तो खुर्चीवरच राहू शकतो, असं या योजनेच्या मुळाशी गृहीत धरलेलं आहे.

म्हणून आता मी सवयींच्या यादीकडे वेगळ्या नजरेने पाहतो. टेबलाला चिकटणं ही माझी खोड होती हे खरं, पण वरच्या जागा वर्षानुवर्षं गोठवलेल्या असताना माणसाला प्रतिष्ठेसाठी टेबलाखेरीज दुसरं काय उरतं? बाई 'मी बघते' म्हणायच्या, कारण बढती येईल तेव्हा येईल, शाखेतला चांगुलपणा तरी आज मिळत होता. सवय शिडीच्या अभावातून लागते आणि नंतर एखाद्या दिवशी शिडी खरोखर समोर आली, तर तीच सवय पाय धरून ठेवते. दोन्ही बाजू खऱ्या आहेत, आणि फक्त एक सांगणारा माणूस दुसऱ्यावर अन्याय करतो.

वडिलांचे तीन अर्ज

आता पुन्हा त्या गठ्ठ्याकडे येतो. बढती नाकारणं ही कचेऱ्यांतली जुनी सवय आहे, कारण बढतीबरोबर बहुधा बदली येते. एकदा नाकारली की नाव निवडसूचीतून निघतं, कनिष्ठ पुढे जातात, आणि आश्वासित प्रगतीसारख्या लाभांवरही पाणी सोडावं लागतं. वडिलांच्या बाबतीत तो हिशेब तसाही निकालात निघाला होता. कालबद्ध पदोन्नती लागू होण्याच्या चार महिने आधी ते निवृत्त झाले.

मी तीन तारखा घरच्या घटनांशी ताडून पाहिल्या. १९७८ मध्ये बढतीवर पाटणला जायचं होतं. त्या वर्षी धाकटी बहीण जन्मली. आम्ही वाईला भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो आणि आईच्या मदतीला माहेरचं कुणी नव्हतं. १९८२ मध्ये आजी अर्धांगवायूने अंथरुणाला खिळली होती. १९८५ मध्ये माझं दहावीचं वर्ष होतं. तेव्हा बढतीचं ठिकाण दहिवडी होतं.

ते वर्ष मला चांगलं आठवतं. वडील रोज सात वाजता घरी असायचे आणि माझ्याकडून बीजगणित करून घ्यायचे. त्यासाठी त्यांनी काय सोडलं होतं हे मला कुणी सांगितलं नाही. त्यांनीही नाही. उलट 'यांना पुढं पुढं करता येत नाही' हे वाक्य ते जेवताना हसून ऐकायचे.

त्यांच्या तीनही अर्जांत 'कौटुंबिक अडचण' एवढंच आहे. अहवालातल्या कोऱ्या जागेत मी लिहायचो तसंच आटोपशीर, स्वतःबद्दल काही न सांगणारं वाक्य. त्यांनी घरी एकदा तरी नीट सांगितलं असतं, की मी नाकारली, कारण हे असं आहे, तर आम्ही त्यांना ४० वर्षं मागे राहिलेला माणूस समजलो नसतो. कदाचित तिसऱ्या वेळी आईने म्हटलं असतं, 'जा तुम्ही, मी बघते.' किंवा म्हटलं नसतं. पण निर्णय दोघांचा झाला असता.

माझी मुलगी पुण्यात एका कंपनीत काम करते. गेल्या वर्षी तिने बंगळुरूची मोठी जागा नाकारली. मी तिला एवढंच सांगितलं, की नाकारण्याचं कारण साहेबांना लेखी कळव, पुढच्या वेळी विचार व्हावा असंही त्यात लिही, आणि कागदाची प्रत ट्रंकेत ठेवू नकोस, घरात सगळ्यांना वाचायला दे. तिने ते पत्र मला व्हॉट्सॲपवर पाठवलं. दीड पानी आहे. त्यात 'कौटुंबिक अडचण' हे शब्द कुठेही नाहीत, अडचण काय आहे ते लिहिलं आहे. त्याची छापील प्रत काढून मी ती त्या तीन अर्जांच्या गठ्ठ्यात ठेवली आहे.